मिठाला सुटलेलं पाणी

माझं पहिलं चित्र माझ्या आयने सुपात भरून नेलं आणि खाडीत सोडून दिलं. प्रदर्शनाची तयारी चालू असताना तन्वीला मी हे सांगितलं, तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करतेय. तन्वी म्हणजे वसईतल्या त्या नव्या कलादालनाची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी. वयाने माझ्या नातीएवढी, पण कामाला वाघ. माझी पन्नासेक वर्षांची चित्रं कुणाकुणाच्या घरांतून, कचेऱ्यांतून गोळा करून तिने ती भिंतींवर लावायचा क्रम ठरवला होता, आणि पहिल्याच भिंतीपाशी ती अडली होती. "यमुनाताई, हे सगळं आर्ट स्कूलनंतरचं आहे. त्याच्या आधीचं काहीतरी द्या ना. एखादी वही, शाळेतलं ड्रॉइंग, काहीपण चालेल." मी म्हटलं, बाई गं, त्याच्या आधीचं धड एकच होतं आणि ते ओहोटीबरोबर गेलं. ती हसली. मी हसत नाही हे बघितल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "ताई, नीट सांगा." तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. फक्त जरा सावकाश, कारण तिचा फोन मध्येमध्ये वाजत होता.

आम्ही वसईजवळच्या जूचंद्रचे. आता तिथे जाल तर वीस वीस मजल्यांच्या इमारती दिसतील आणि त्यांच्या बाल्कन्यांतून वाळणारी धुणी. माझ्या लहानपणी डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की खाली खाडीपर्यंत मिठागरंच दिसायची, आखून ठेवल्यासारखी. चौकोनाला चौकोन लागलेला, आणि कडेला मिठाच्या राशी. माझा बाबा दुसऱ्याच्या मिठागरावर राबायचा. भात कापून झालं की तो मिठागरावर जायचा आणि पावसाचे ढग दिसले की परत यायचा. त्याच्या हातात लांब दांड्याची लाकडी फळी असायची, तिने तो मीठ कडेला ओढायचा आणि आय ते टोपलीत भरून डोक्यावरून वाहायची. बाबा फार बोलायचा नाही. संध्याकाळी ओटीवर बसून तो तळपायाच्या भेगांत खोबरेल चोळायचा, आणि त्या वेळी त्याच्या तोंडून एक बारीक 'स्स' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की आय चुलीपुढून विचारायची, "लय झोंबतंय का?" आणि तो म्हणायचा, "नाय गो." रोज हेच. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी दिवेलागणीला बायका असं विचारतात आणि पुरुष असं खोटं बोलतात.

आमच्या घरात खायला काय असायचं हे विचाराल, तर तांदळाची भाकरी आणि खाडी जे देईल ते. कधी निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या बुळबुळीत मासळीचं, कालवण, कधी उकडलेल्या चिंबोऱ्या, काहीच नसलं तर सुक्या जवल्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडून. निवट्या साफ करायचं काम माझ्याकडे होतं. राख लावून चोळल्याशिवाय त्या हातात राहायच्या नाहीत, आणि माझ्या हातून एखादी तरी सटकून ओटीवर उड्या मारत जायचीच. पण मिठाच्या मडक्याला हात लावायची मला मुभा नव्हती. ते मडकं चुलीच्या उजव्या अंगाला कोनाड्यात असायचं आणि त्याचे कायदे देवघरापेक्षा कडक होते. मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, भांडण होतं. तिन्हीसांजेला शेजारी मीठ मागायला आलं तर द्यायचं नाही. आणि सांडायचं तर मुळीच नाही. "सांडलेला मीठ मेल्यावर पापन्यांनी येचावा लागते," आय बजावायची. म्हणजे वर देवाच्या दारात बसवतात म्हणे, समोर तुम्ही जन्मभर सांडलेलं मीठ, आणि एकेक कण डोळ्याच्या केसांनी उचलायचा. मी विचारायचे, "आये, तू मिठागरावर टोपल्या वाहतेस, तेव्हा नाय का सांडत?" त्यावर एक चापट मिळायची. पुढे कळलं की तिचं उत्तर तयार होतं. मिठागरावर मीठ जमिनीचंच असतं, जमिनीवर पडलं तर ते घरी गेलं. घरातलं मात्र आपल्या गळ्यात.

आमच्या गावाला रांगोळीचं वेड आहे, आजही आहे. दिवाळीत शाळेच्या वर्गांतले बाक बाहेर काढायचे, जमीन गेरूने सारवायची, आणि प्रत्येक वर्गात चार-पाच रांगोळ्या. ठिपक्यांच्या नव्हेत. माणसांचे चेहरे, देव, पुढारी, सिनेमातल्या बाया, फोटो काढल्यासारख्या. बघायला वसई-विरारपासून माणसं यायची आणि दोरीच्या बाहेर उभं राहून म्हणायची, "हे कागदावर काढलंय की काय?" या सगळ्याचे गुरू धर्मादादा. दिवसा ते ट्रकच्या पाट्या आणि दुकानांचे फलक रंगवायचे. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर पोरं जमायची आणि चिमटीतून रांगोळी कशी सोडायची, गालावरचा उजेड कसा चाळणीने पाडायचा हे शिकायची. सगळी पोरंच. मुलींनी अंगणात ठिपके काढायचे, चेहरे पुरुषांनी काढायचे, असा काही लिहिलेला नियम नव्हता, पण पाळायचे सगळे. मी त्यांच्या ओटीखाली उभी राहून शिकले. धर्मादादांनी मला कधी वर बोलावलं नाही आणि कधी हाकललंही नाही. एकदा मात्र माझ्या हातातला खडू काढून घेतला, माझ्या पाटीवर एका रेघेत नाक काढलं आणि खडू परत दिला. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

मी मॅट्रिकला असताना आमच्या शाळेत डिमेलो सर चित्रकला शिकवायला यायचे, वसईच्या ख्रिस्ती वाडीतून सायकलवरून. फार सरळ माणूस. त्यांनी माझी वही बघितली, दोन दिवस स्वतःकडे ठेवली आणि तिसऱ्या दिवशी मुंबईच्या आर्ट स्कूलचा प्रवेशाचा कागद आणून माझ्या हातात दिला. "पालकांची सही आण. उशीर करू नकोस." मी तो कागद घरी नेला आणि घरात जी आग लागली ती विचारू नका. "मुंबयला? एकली? चित्रा कारायला?" आयच्या एकेका शब्दापुढे प्रश्नचिन्ह होतं. "चित्रा काय इकरं नाय कारता येत? अंगन काय लहान परतंय तुला?" बाबा भाकरी मोडत होता. हातातला तुकडा त्याने ताटात ठेवला. मग म्हणाला, "मना त्यातला काय कलते? धर्माला कलते. दिवाळीत पोरीला शालेत एक रांगोली कारू दे. धर्मा बोलला चांगली, तं मी अंगठा देते. नाय बोलला, तं कागद चुलीत." आयला हा सौदा पसंत पडला. धर्मादादा मुलीच्या चेहऱ्याच्या रांगोळीला चांगली म्हणतील हे तिला खरंच वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं होतं काय?

शाळेतली सगळ्यात शेवटची खोली मला मिळाली, पाण्याच्या टाकीशेजारची, एरवी तिथे मोडके बाक असायचे. कोणाचा चेहरा काढायचा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबाचा काढायचा, मिठागरावर उभा असलेला, मागे मिठाची रास. त्याचा घरात एकही फोटो नव्हता. म्हणून मी महिनाभर त्याला चोरून बघत होते. भाकरी खाताना, पायाला तेल चोळताना, झोपलेला असताना. एकदा त्याने विचारलं, "काय गो, माज्या तोंडाला काय लागलंय?" मी म्हटलं, "जवला." त्याने तोंड पुसलं.

तीन दिवस मी त्या खोलीत गुडघ्यांवर होते. कपाळ, गाल, फाटकं बनियन, कंबरेचा लाल रुमाल, फळीचा दांडा. चेहरा उतरला. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण आता मला कुणाची भीड नाही. चेहरा खरंच उतरला. उरलं होतं फक्त पांढरं. डोळ्यांतलं, बनियनचं, कपाळावरच्या घामाचे थेंब आणि मागची ती एवढी मोठी रास. आणि पांढरी रांगोळी संपली. अख्खं गाव रांगोळी काढत होतं, दुकानातल्या गोण्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या, आणि पोरांकडे मागायला जावं तर ती म्हणायची, "अगो, आमालाच पुरत नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बघायला येणार, धर्मादादा येणार. मी घरी आले. आय भोपळ्याच्या घाऱ्या तळत मागच्या दारी बसली होती. कोनाड्यात मडकं होतं. मी त्यातलं निम्मं मीठ पदरात घेतलं, शेजारच्या काकूच्या पाट्यावर वरवंट्याने वाटलं, कापडातून चाळलं, आणि संध्याकाळच्या आत ती सगळी रास, ते बनियन, ते घामाचे थेंब मिठाने भरले. काय सांगू, रांगोळीपेक्षा ते पांढरं सुरेख दिसत होतं. आत जरा चमक होती. मी दाराला कडी लावली आणि घरी जाऊन चार घाऱ्या खाल्ल्या.

आता यातली अक्कल बघा. मी आगऱ्याची पोर. मिठागराच्या काठावर चालायला शिकले. मिठाला हवेतलं पाणी सुटतं हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक, म्हणून तर मडक्याच्या तळाशी तांदूळ टाकतात. आणि मी ते विसरले. शहरातल्या मुलीने ही चूक केली असती तर कुणी काही म्हटलं नसतं.

दिवाळी असून त्या रात्री आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, नुसतं चिकट, दमट. सकाळी मी शाळेत पोचले तर माझ्या खोलीपुढे बायकांची ही गर्दी, आणि आतून एकच आवाज, "यमीचा बापूस ररतंय गो, ररतंय!" रडतोय म्हणे, माझा बाबा. मी दोरीखालून आत घुसले. कपाळावरचे घामाचे थेंब वितळून खाली आले होते. भुवयांवरून, नाकाच्या कडेने, गालावरून ओल उतरली होती आणि तिच्याबरोबर तपकिरी रंग वाहून गळ्यापर्यंत काळपट ओघळ आले होते. बनियन अंगाला चिकटल्यासारखं ओलं. मागच्या राशीला पाणी सुटून ती बसली होती, खऱ्या राशीला पावसाआधी सुटतं तसंच. माझ्या डोळ्यांपुढे तो कागद चुलीत जळत होता.

धर्मादादा आले. बायका बाजूला झाल्या. ते वाकले, बोटाला जरा पांढरं घेतलं, जिभेला लावलं, आणि मोठ्याने हसले. "अगो, आगऱ्याची पोर तू, आनि मिठाची रांगोली?" सगळे हसले. मग ते उभे राहून खूप वेळ बघत राहिले आणि त्यांचं हसू गेलं. माणसांच्या देखत मला लाज वाटू नये म्हणून ते हळू आवाजात म्हणाले, "बाय, हात तुजा चांगला हाय. पन ह्या चित्र ग्येला. रांगोली म्हनजे कोरी पायजे, कन कनापासून सुटा. ह्याला मी चांगला नाय बोलू शकत." खोटं बोलले असते तरी चाललं असतं, असं तेव्हा मला वाटलं. आज वाटत नाही. ते कधी खोटं बोलले नाहीत म्हणूनच गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती.

आणि नेमका तेव्हा बाबा दारात उभा होता. शेतावरून आला होता, भाताची कापणी चालू होती, हातात विळा तसाच. त्याने धर्मादादांचं बोलणं ऐकलं होतं. चपला काढून तो आत आला, विळा दाराशी ठेवला, आणि दोरीपाशी उभं राहून स्वतःच्या तोंडाकडे बघायला लागला. कोणी हसेना. त्याने स्वतःचं कपाळ मनगटाने पुसलं. मग पुन्हा बघितलं. बाबा एवढा वेळ कशाकडे बघत उभा राहिलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "ह्यो मी हाय."

धर्मादादा म्हणाले, "तूच हायस रे, पन रांगोली..."

"धर्मा," बाबा म्हणाला, "तुला रांगोली कलते. मना मीठ कलते. मिठावर मानूस उबा रेला का तो असाच दिसते. पानी सुटायलाच पायजे." आणि माझ्याकडे वळून, तितक्याच साध्या आवाजात, "कागद आन."

धर्मादादांनी वाद घातला नाही. त्यांनी एकदा बाबाच्या तोंडाकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या तोंडाकडे, आणि मान हलवून बाजूला झाले. मी ते उपकार विसरणार नाही. दहा माणसांत आपला शब्द दुसऱ्याने ओलांडू देणं हे मोठ्या कलाकाराला सोपं जात नाही. मला तरी आजवर जमलेलं नाही.

रांगोळीचं सामान ज्या दप्तरातून आणलं होतं त्यातच कागद होता. शाई नव्हती, मग दादांनीच पाट्या रंगवायची निळी बाटली खिशातून काढली. बाबाने अंगठा टेकवला. तो ठसा मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. निळा गोल, आणि त्यात एकही रेष नाही. मिठाने रेषा केव्हाच झिजवून टाकल्या होत्या. आर्ट स्कूलमधल्या कारकुनाने नंतर विचारलं, "हा अंगठा आहे की शाई सांडली?" मी म्हटलं, अंगठा. त्याने घेतला तो कागद, त्याचंही भलं होवो.

पण मधल्या वेळात आय आली. घरात मडकं निम्मं रिकामं सापडल्यावर ती वाटेत भेटेल त्याला विचारत शाळेपर्यंत पोचली होती. दारात येऊन तिने काय बघितलं? नवऱ्याचं तोंड जमिनीवर, आणि त्यात तिच्या मडक्यातलं मीठ. "अगो सटवे! भुईवर? मीठ भुईवर? आनि त्याच्यावर मानसा चालतील? मेल्यावर किती जनम येचशील पापन्यांनी?" गर्दी पांगली. प्रदर्शन संपल्यावर एरवी रांगोळ्या केरसुणीने लोटून टाकतात. तिने कुणाला केरसुणी आणू दिली नाही. दोन दिवस ती रोज सकाळी येऊन दोरीपाशी बसायची, कुणी आत पाय टाकू नये म्हणून राखण. आणि तिसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आली, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि आम्ही दोघींनी ते ओलं, रंगीत मीठ बोटांनी गोळा केलं. आधी रास, मग बनियन, शेवटी चेहरा. चेहऱ्यापाशी ती जरा थांबली. मग तिनेच सुरुवात केली, कपाळापासून. आम्ही दुपारभर वेचत होतो. मला वाटलं, आता ही बापाने दिलेला अंगठाही परत घ्यायला लावते की काय. सूप भरल्यावर ती उठली, कमरेवर हात देऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "जा मुंबयला. पन जिकरं जाशील तिकरं सांडलेला येचून निघायचा. मागं ठेवायचा नाय काय." मग तिने सूप डोक्यावर घेतलं आणि ओहोटी लागायच्या वेळी खाडीत रिकामं केलं. ज्याचं होतं त्याच्या घरी.

मुंबईचे दिवस मी दुसऱ्या प्रकरणात लिहिलेत. इथे एवढंच, की मी तिथे 'पाणी'ला 'पानी' म्हणायचे म्हणून मुलं हसायची, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण जलरंगांच्या तासाला ओल्या कागदावर मी चिमूटभर जाडं मीठ टाकलं आणि रंग कसा कणाकणाभोवती फुलतो ते त्यांना दाखवलं, तेव्हा कुणी हसलं नाही. पुढे जन्मभर माझ्या चित्रांत मीठ राहिलं. समीक्षक त्याला काय काय म्हणतात. मी आपली खाल्ल्या मिठाला जागतेय, एवढंच. बाबाने माझं पहिलं प्रदर्शन बघितलं, दुसरं बघितलं नाही. जाताना त्याने कोणावर काही ओझं ठेवलं नाही. ज्या मिठागरावर तो उभा असायचा तिथे आता मातीचा भराव आहे आणि त्यावर गाड्या उभ्या करायची जागा. मला राग यायला हवा, पण माझा भाचा तिथेच राहतो आणि त्याच्या घरी पाण्याला चोवीस तास दाब असतो. काय बोलणार?

तर हे सगळं ऐकून तन्वी म्हणाली, "ताई, मग तेच काढा. पहिल्या भिंतीसमोर, खाली जमिनीवर. तुमचं पहिलं वर्क." आता या वयात गुडघ्यांवर बसायचं म्हणजे काय असतं ते तिला कुठून कळावं! पण मी हो म्हटलं. तिने लगेच दुकानातून मिठाची दहा पाकिटं मागवली, पांढरीशुभ्र, सुटसुटीत. पाकिटावर लिहिलेलंच, दमट हवेतही मोकळं राहतं. मी म्हटलं, "ज्याला पाणी सुटत नाही ते मीठ मला काय कामाचं?" शेवटी भाच्याने खाडीपलीकडच्या एका उरल्यासुरल्या मिठागरावरून गोणी आणली. चार दिवस लागले. दालनातल्या पोरींनी मला उठायला-बसायला हात दिला, पण चिमूट माझीच. डोळे बांधले तरी मला तो चेहरा काढता येईल असं मी समजत होते. प्रत्यक्षात कान दोनदा पुसून पुन्हा काढावे लागले.

उद्घाटनाला भाचा आयला गाडीत घालून घेऊन आला. ती पंच्याऐंशीची की सत्त्याऐंशीची, तिलाही ठाऊक नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती करू देत नाही. लोकांनी भाषणं केली, फुलं दिली. तिला त्यात काही रस नव्हता. काठी टेकत ती रांगोळीपाशी आली, भाच्याचा हात धरून खाली वाकली, खूप वेळ बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अलनी हाय." तन्वीने मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, अळणी आहे म्हणाली, मीठ नाही. "पण सगळं मीठच तर आहे!" तन्वी म्हणाली. आय तिच्याकडे दयेने बघत म्हणाली, "ह्याला घाम कुठं हाय, बाय? ह्यो काय काम करतंय का? ह्यो तं कचेरीत बसलाय."

मी वर बघितलं. एसी. चार एसी दिवसरात्र चालू, हवा कोरडी ठणठणीत, मिठाचा कण कणापासून सुटा. धर्मादादांना अगदी आवडली असती. लोक गेल्यावर मी तन्वीला म्हटलं, एसी बंद कर आणि खिडक्या उघड. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, प्लीज! बाकीचे कॅनव्हास आहेत. लोकांच्या कलेक्शनमधले आहेत. दमट हवा लागली तर मला उत्तर द्यावं लागेल." बरोबर होतं तिचं. म्हणून आम्ही वाद न घालता मांडवली केली. पहिल्या भिंतीचा भाग जाड पडदा लावून बाकीच्यापासून तोडायचा, तिथला एकच एसी बंद ठेवायचा, आणि तिथल्या दोन खिडक्या सताड उघड्या. पावसाळा सरत आला होता, बाहेर खाडीची ओली हवा होती. दुसऱ्या दिवशी त्या पडद्यामागे जाणारा माणूस रुमालाने मान पुसतच बाहेर यायचा. एक गृहस्थ तक्रार करत होते. मी त्यांना म्हटलं, हेच बघायला बोलावलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी तन्वी धावत आली. "ताई, स्टार्ट झालं!" कपाळावरचा पहिला थेंब फुटून भुवईत उतरला होता. मी भाच्याला फोन केला, आयला घेऊन ये.

या वेळी तिने भाच्याचा हात सोडला. काठी बाजूला ठेवली आणि, मी 'आये, नको' म्हणेपर्यंत, ती जमिनीवर बसली. मग हात टेकून पुढे वाकली. तिला लांबचं दिसत नाही, म्हणून जवळ, अजून जवळ, बाबाच्या तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ. पडद्यामागे आम्ही चौघंच होतो आणि तिच्या श्वासाचा आवाज येत होता. बाबाच्या गालावरून ओल गळ्यापर्यंत आली होती. ती त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "लय झोंबतंय का?" पन्नास वर्षांत मी या माणसाला इतक्यांदा काढलं आणि त्याला हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

मी आणि तन्वीने तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. उजेडात तिचं तोंड बघितलं तर ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या पापणीच्या केसाला मिठाचा एक बारीकसा कण चिकटला होता. मी रुमाल काढला. तिने माझा हात धरला, दुसऱ्या हाताच्या बोटाने तो कण अलगद टिपला, डोळ्यांसमोर धरून बघितला, आणि जिभेवर ठेवला.

"एक मी येचला," ती म्हणाली. "बाकीचा तुजा तू येच."